थेंब पुसायचा नाही

माझ्या खिशात कायम पेनाएवढं एक यंत्र असतं. बायको म्हणते, दसऱ्याला त्याचीच पूजा घाला. टोपण काढून पाण्यात बुडवलं की त्याच्या पडद्यावर आकडा उमटतो. पाण्यात किती क्षार विरघळलेत, त्याचा तो आकडा. आमच्या डोंबिवलीच्या घरी नळाला साठ-सत्तर येतो, एखाद्या बोअरवेलला पाचशे-सहाशेही येतो. मी ज्या पाण्याने काम करतो त्याला मात्र शून्य यावा लागतो. अगदी शून्य! इतकी वर्षं झाली, पण सकाळी टाकीत मीटर बुडवून शून्य दिसला की घरात कुणाचा तरी पहिला नंबर आल्यासारखा मी अजून हरखतो.

मी काचा धुतो. इमारतींच्या, बाहेरच्या बाजूने. एकवीस वर्षं दोरीला लटकून धुतल्या आणि आता जमिनीवर उभा राहून पोलने धुतो. या अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर आधी दोरीवरचं लिहायला घेतलं होतं, कारण लोकांना ते ऐकायला आवडतं. दोन पानं लिहिली आणि बाजूला ठेवली. मला खरं सांगायचंय ते या पोलबद्दल, आणि माजिवड्यातल्या एका रविवारबद्दल.

पोल म्हणजे गळाच्या काठीचा थोरला भाऊ. कार्बन फायबरच्या नळ्या एकात एक बसवलेल्या. एकेक बाहेर ओढायची, चिमटा दाबायचा, की काठी वाढत वाढत पाचव्या मजल्याला लागते. टोकाला ब्रश, ब्रशात दोन बारीक तोट्या, खालून वर गेलेला पाण्याचा पाइप. टेम्पोत पाचशे लिटरची टाकी आणि पंप. आधी खिडकीची वरची चौकट घासायची, कारण सगळी घाण तिथे दडून बसलेली असते आणि मागाहून काचेवर ओघळते. मग काच घासायची, त्याच पाण्याने वरून खाली खळखळून धुवायची आणि पुढच्या खिडकीकडे वळायचं. साबण लागत नाही, फडकं लागत नाही, पुसायचं तर अजिबातच नाही.

इथेच गिऱ्हाईक अडतं. काचेवर थेंब दिसतायत आणि हा माणूस निघाला कुठे? मी त्यांना बाथरूमचा नळ दाखवतो. नळावर पांढरे डाग पडतात ते पाण्याचे नसतात, पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेल्या क्षारांचे असतात. आमच्या पाण्यातले क्षार आधीच काढून टाकलेले. त्यामुळे थेंब वाळला की मागे काही उरतच नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसलंच हे पाणी. उलट तुम्ही पुसायला गेलात तर फडक्याचा मळ काचेला लागतो. म्हणून थेंब पुसायचा नाही, वाळू द्यायचा.

एवढं समजावूनही कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्राचे बोळे घेऊन माझ्या मागोमाग फिरले होते. "तुमचं झालं, आता माझं," म्हणत त्यांनी तळमजल्याच्या सगळ्या खिडक्या पुसल्या, आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, "वरच्या खिडक्या लख्ख आहेत, खालच्याच तेवढ्या तुम्ही नीट केल्या नाहीत." डोंबिवलीतल्या एक बाई फिनेलची बाटली घेऊन टाकीपाशी उभ्या. "वासच आला नाही, तर साफ झालं हे कळणार कसं?" आणि एकदा चौथ्या मजल्यावर बनियनमध्ये चहा पीत बसलेल्या आजोबांच्या खिडकीत अचानक माझा ब्रश उगवला. त्यांनी काय समजून केला कोण जाणे, पण आतून ब्रशला नमस्कार केला.

आता एकनाथबद्दल सांगायला हवं. एकनाथ माझा जोडीदार, टिटवाळ्याचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला दादा म्हणतो. दोरीच्या कामावर त्याला मीच आणला. तेव्हा तो एका दुकानात गोण्या उचलायचा. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर, वर हवा काय लागते बघ!" तो आला आणि माझ्यापेक्षा चांगला निघाला. मग एका दिवशी सातव्या मजल्याच्या उंचीवर त्याचा दोर अडकला. गच्चीवर दोर सांभाळायला मी होतो. खालून वाऱ्याचे झोत येत होते आणि तो भिंतीवर आपटत होता. पाऊण तास! त्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याच्या हातांची मूठ उघडत नव्हती. एकेक बोट मी माझ्या हातांनी सोडवलं. ती बोटं मला आजही आठवतात, आणि याला या धंद्यात आणलं कोणी, हा प्रश्नही त्यांच्यासोबत येतो.

त्यानंतर मी पोलच्या मागे लागलो. एका ओळखीच्याकडे जुना पोल मिळाला, पाणी शुद्ध करायचं मशीन गाळ्यात बसवलं, दोघांनी मिळून शिकून घेतलं. पहिल्यांदा फडकं न लावता थेंब वाळून काच नितळ झालेली पाहिली तेव्हा आम्ही दोघे रस्त्यात उभे राहून वेड्यासारखे हसत होतो. पण लोकांचा विश्वास बसेना. दुकानं, दवाखाने, एखादा बंगला, इतपतच कामं. दोन घरं त्यावर चालत नव्हती. आणि एका गुरुवारी एकनाथ म्हणाला, "दादा, त्या दोरीवाल्या ठेकेदाराचा फोन आलेला. सोमवारपासून बोलावतोय. मी हो म्हटलंय."

जिना चढतानासुद्धा कठडा धरणारा हा माणूस पुन्हा दोरीवर?

"रविवारी माजिवड्याचं बघू," मी म्हटलं. "ते मिळालं तर तुला जायची गरज नाही."

माजिवड्याला पाच मजल्यांच्या तीन इमारतींची एक सोसायटी होती. वर्षभराचं काम द्यायचं होतं. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते, आमचा पोल किंवा त्याच ठेकेदाराची दोरी. कमिटीने सांगितलं, रविवारी एका इमारतीची रस्त्याकडची बाजू धुऊन दाखवा, चार वाजता आम्ही खाली येऊन बघू, आवडलं तर तुम्ही, नाहीतर ते. म्हणजे सोमवारी एकनाथ कुठे असणार, ते रविवारी चार वाजता ठरणार होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरी रानडेबाई. वय सत्तरीचं, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी मी पुसायचं नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सुरेशराव, विधान छान आहे. सिद्ध करा." आणि वाटीभर पाणी घेऊन घरी गेल्या. दहा मिनिटांनी स्टीलचा चमचा घेऊन परत आल्या. चमच्यात आमच्या पाण्याचे थेंब टाकून त्यांनी गॅसवर वाळवले होते. दुसऱ्या चमच्यात बोअरचं पाणी. दुसऱ्यावर पांढरा थर, आमचा चमचा चकचकीत! "पाणी उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "आता काच बघू." मला तर तिथेच उडी मारावीशी वाटली.

आणि मग माझ्या अंगात आलं. सकाळचं ऊन, गेटपाशी जमलेली पन्नासएक माणसं, वर सरकत जाणारा पोल. मी खिशातला मीटर काढून सगळ्यांना शून्य दाखवत सुटलो. कुणीतरी म्हणालं, "काका, मग हे इन्व्हर्टरला चालेल की!" "चालेल काय, धावेल!" मी म्हटलं. लोक कॅन घेऊन आले आणि मी नळी लावून पाणी भरून द्यायला लागलो. एक झाला, दुसरा झाला, रांगच लागली. एकनाथ पोलवरून नजर न काढता ओरडला, "दादा, अख्खी टाकी वाटणार आहेस काय?" मी म्हटलं, "अरे, लोक खुश आहेत, देऊ दे रे!" मतं मागायला निघालेल्या उमेदवारासारखा मी वागत होतो, हे आता कळतं.

साडेबारापर्यंत वरचे तीन मजले झाले. एकनाथची बायको मंदा डबा घेऊन आली होती. एवढ्या वर्षांत ती त्याच्या कामावर कधी आली नव्हती. तो दोरीवर असताना ती इमारतीकडेच काय, घराच्या खिडकीबाहेरसुद्धा बघत नसे. त्या दिवशी मात्र आली. एकनाथची पिशवीही तिथेच होती, तिच्यात त्याचा दोरीवर लटकताना बांधायचा बेल्ट. सोमवारी सकाळी ठेकेदाराकडे जायचं म्हणून ठाण्यातल्या मावसभावाकडेच राहायच्या तयारीने आला होता. मंदाने पिशवी बाजूला सरकवून बसायला जागा केली, पण बेल्टकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या झाडाखाली बसून आम्ही भाकरी खाल्ली.

जेवण आटोपून तासाभरात खालचे दोन मजले उरकले. सोळा खिडक्या. कमिटीच्या अगदी डोळ्यांसमोरच्या. मी ब्रश खाली घेतला आणि ऐटीत म्हटलं, "आता फक्त बघत राहायचं."

बघत राहिलो. वरचे तीन मजले आरशासारखे. खालच्या काचांवर मात्र जसजसा थेंब वाळत गेला तसतसा त्याच्या जागी पांढरा ठिपका उमटायला लागला. आधी एक, मग दहा, मग अख्खी काच देवीचे व्रण आल्यासारखी. एकनाथ माझ्याजवळ आला. "दादा," तो हळूच म्हणाला, "काय झालंय रे हे?"

मी धावत टेम्पोकडे गेलो, टाकीत मीटर बुडवला. तीनशे बारा.

वॉचमन शेलार शेजारीच उभे होते. साठीचे, साताऱ्याकडचे, फार प्रेमळ माणूस. आनंदाने म्हणाले, "टाकी पार खाली गेलती बघा तुमची. बोअरची मोटर चालू होती, म्हटलं पाणी आलंय तोवर भरून ठिवावं. पुन्यांदा संध्याकाळशिवाय न्हाई यायचं."

आता याला काय म्हणाल? आपल्याकडे पाणी आलं की रिकामं दिसेल ते भरून ठेवायचं, हे आईच्या दुधातून येतं. कळशी, बादली, पिंप, शेजाऱ्याचं पिंपसुद्धा. शेलारमामांनी तेच केलं होतं. तरी मी त्यांच्यावर ओरडलो, सगळ्यांदेखत, नको ते बोललो. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि ओरडता ओरडता मला हातातला मीटर दिसला. जेवण झाल्यावर काम सुरू करण्याआधी तो एकदा टाकीत बुडवायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी स्वतः एकनाथला शिकवलेला. सकाळपासून तो मीटर मी लोकांना दाखवायला पन्नास वेळा काढला होता आणि कामासाठी काढायची वेळ आली तेव्हा तो खिशात राहिला. शिवाय टाकी खाली गेली ती कुणाच्या दानशूरपणामुळे?

"शेलारमामा, चूक माझी आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या, आता काय करायचं त्ये सांगा."

तेच तर कळत नव्हतं. पावणेतीन वाजले होते. मशीन डोंबिवलीला, आणि टाकीभर पाणी तयार व्हायला अख्खा दिवस जातो. बॅटरीची दुकानं रविवारी बंद. एकनाथने ब्रश खाली ठेवला आणि पिशवीपाशी जाऊन बसला. "जाऊ दे दादा," म्हणाला. "तू खूप केलंस. मी जातो सोमवारी."

तेवढ्यात मंदा म्हणाली, "अहो, पण मी आले तेव्हा लोक कॅन घेऊन जिना चढत होते. ते पाणी कुठलं?"

मग शेलारमामा केबिनकडे असे पळाले की साठी विसरले. इंटरकॉमवर त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, "हॅलो! सकाळी काचवाल्याचं पाणी नेलंय का? खाली आणा! न्हाई न्हाई, वतू नका कशात! आहे तसं आणा!"

आणि लोक आले हो! लिफ्टमधून, जिन्यावरून, कॅन, बाटल्या, एकाने तर प्रेशर कुकरचं मोठं भांडंच आणलं. एकाने इन्व्हर्टरचं झाकण उघडलं होतं, ते तसंच टाकून आला. एका काकूंनी कॅन अर्धा आणला. "थोड्याचा चहा केला. रंगलाच नाही मेला!" रानडेबाई स्वतःची वाटी झाकून घेऊन उतरल्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, मीटर बुडवला नाही हेसुद्धा. त्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजायला पन्नास मिनिटं आहेत," एवढंच म्हणाल्या.

टाकी रिकामी केली, आणलेल्या पाण्यातलंच थोडं फिरवून पाइप धुतला. मग प्रत्येक कॅनमध्ये मीटर. या वेळी एकही सुटला नाही. "शून्य!" टाकीत. "दोन!" टाकीत. "अठ्ठेचाळीस!" तो नळाच्या पाण्याने विसळलेला, बाजूला. चारपाच कॅन झाल्यावर लोकच आकडे ओरडायला लागले, गणपतीतल्या हौजीसारखे. शून्य आला की टाळ्या, दहाच्या वर गेला की "अरेरे!" कॅनचा मालक ओशाळायचा. सगळं मिळून ऐंशी-नव्वद लिटर जमलं. सोळा खिडक्यांना खिडकीमागे पाचएक लिटर. क्षार नुकतेच वाळलेले, अजून काचेला चिकटून पक्के झाले नव्हते, एवढीच जमेची बाजू.

"एकनाथ, पोल तू घे," मी म्हटलं. आणि गंमत बघा, जिन्यात कठडा धरणारे त्याचे हात पोलवर एकदम स्थिर! जमिनीवर पाय रोवून उभा राहिलेला एकनाथ काय काम करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. एक थेंब वाया नाही. आधी चौकट, मग काच, दोन वेळा घासून एका दमात वरून खाली. मी पंपाचा नळ त्याच्या खुणेसरशी उघडत होतो, बंद करत होतो. सोळावी खिडकी धुऊन झाली तेव्हा टाकीच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं.

चारला दहा मिनिटं कमी. सगळ्या काचांवर थेंबच थेंब, आणि शंभरेक माणसं खाली उभी राहून थेंब वाळायची वाट बघतायत. असली गर्दी मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेली नाही. मंदाला राहवेना. ती तळमजल्याच्या खिडकीजवळ होती. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि काचेकडे हात नेला.

"पुसू नका!" शंभर माणसं एकदम ओरडली. रानडेबाईंचा आवाज त्यात सगळ्यात वरचा.

थेंब वाळत गेले. मी एकेका थेंबावर नजर लावून होतो. एक गेला, मागे काही नाही. दुसरा गेला, काही नाही. रानडेबाई भिंग घेऊन एका काचेवरून दुसऱ्या काचेकडे सरकत होत्या, वर्गात पेपर तपासत फिरल्यासारख्या. शेवटच्या खिडकीशी त्या थांबल्या. मग त्यांनी भिंग मिटून पर्समध्ये ठेवलं. "सुरेशराव, तिन्ही इमारती तुमच्या. दोरीवाल्यांना मी नाही म्हणून कळवते. आणि हे बघा, मीटर बुडवलाय की नाही, ते दर वेळी मी विचारणार."

त्या अजूनही विचारतात. मला आवडतं ते.

टॉवर पोलच्या आवाक्यात येत नाहीत, तिथे अजून दोरीवरच माणसं जातात. रस्त्यातून जाताना वर कुणी लटकलेला दिसला की मी थांबतो, तो पुढच्या खिडकीशी सुखरूप सरकेपर्यंत. मी ज्यांना या कामावर आणलं त्यातला एकच मला खाली आणता आला, ही रुखरुख आहेच.

त्या दिवशी सामान आवरून निघालो तेव्हा एकनाथने ठेकेदाराला फोन लावला. "शेठ, मी नाही येत," एवढंच बोलला आणि फोन खिशात टाकला. मंदाने पिशवीतून बेल्ट बाहेर काढला. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने बेल्टकडे नीट पाहिलं, त्याची घडी घातली.

"हा आता माळ्यावर ठेवते," ती म्हणाली.

"राहू दे, घरी गेल्यावर मी ठेवतो," एकनाथ म्हणाला. "आपलं स्टूल हलतं."

"काही नको. मी चढते. तुम्ही खालीच राहा."